रोज दीडशे वेळा मनगट झटकणारी पिचर

पत्र असं आहे:

"मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. पोरगी आठवीत, वय १३, उजव्या हाताने सॉफ्टबॉलचं पिचिंग करते, म्हणजे बॅटरला चेंडू टाकते. शाळेतल्या सरांनी दोन वर्षांपूर्वी तिला मनगटाचा व्यायाम दिला. हात मांडीशी सरळ सोडायचा, डाव्या हाताने कोपराखाली पकडून ठेवायचा आणि नुसत्या मनगटाने चेंडू झटकून पुढे फेकायचा. ती रोज दीडशे वेळा करते, खाडा करत नाही. पण वेग वाढत नाही, सामन्यात निम्मे चेंडू बॅटरच्या डोक्यावरून जातात आणि महिन्याभरापासून अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखते म्हणते. ते सर आता बदलून गेले. मोबाइलवर कोणी सांगतो मनगट म्हणजेच पिचिंग, कोणी सांगतो हा व्यायाम बंदच करा. दीडशेचे दोनशे करू की सोडून देऊ? मला या खेळातलं फारसं समजत नाही, पण सकाळी तिच्यासमोर चेंडू झेलायला मीच बसतो."

भाऊ,

आधी दुखण्याचं पाहू. मनगटाचा तो व्यायाम आजपासून पूर्ण बंद करा, आणि पिचिंगही दोन आठवडे बंद ठेवा. अंगठ्याकडून मनगटावर येणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या एका अरुंद आवरणातून सरकतात. रोज दीडशे वेळा तोच झटका बसला की त्या आवरणात घासतात, सुजतात, आणि पुढे पाण्याचा तांब्या उचलतानाही कळ येते. तिला अंगठा मुठीत घेऊन मूठ हळूच करंगळीकडे वाकवायला सांगा. अंगठ्याच्या बाजूला टचकन कळ आली तर दुखणं बहुधा त्याच जागेचं आहे. विश्रांती द्या, दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं गार पाण्यात भिजवलेला दुपट्टा गुंडाळा, आणि दोन आठवड्यांत उतार नसेल तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट मात्र दोन आठवडे थांबायची नाही. कोपरापासून मनगटापर्यंत करंगळीच्या बाजूने जे हाड जातं, त्यावर बोटाने टप्प्याटप्प्याने दाबून पाहा. एकाच ठिकाणी नेमकं दुखत असेल, रात्री ठणकत असेल, सूज असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. हात गोल फिरवून टाकणाऱ्या पिचर मुलींमध्ये या हाडाला ताणाने बारीक चीर पडते, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. ती चीर पहिल्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना "पोरीचा हात दुखते" एवढंच सांगू नका. ती पिचर आहे, दोन वर्षं रोज दीडशे झटके मारते आहे, हे आकड्यांसह सांगा. १३ व्या वर्षी मनगटाजवळची हाडं अजून वाढत असतात आणि त्यांच्या वाढीच्या कडा मऊ असतात. मोठ्या खेळाडूला जे दुखणं किरकोळ, ते या वयात किरकोळ समजू नये.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दीडशेचे दोनशे करू नका, आणि दुखणं गेल्यावर दीडशेवरही परत जाऊ नका. मनगटाचा झटका हा पिचिंगचा पाया नाही. चेंडू बोटांत कसा बसतो, सुटताना कसा फिरतो, हे कळावं एवढ्यापुरता तो चालतो. दहा-बारा वेळा, सुरुवातीला अंग मोकळं करताना, तेही हात न जखडता. सरांनी वाईट हेतूने दिला असं समजू नका. वर्षानुवर्षं हाच व्यायाम पहिल्या दिवशी शिकवला जात आला आहे, कारण तो सोपा दिसतो आणि लहान मुलीकडून चेंडू लगेच सरळ जातो. तोटा पुढे कळतो, हात पूर्ण फिरायला लागल्यावर.

ज्वारीच्या वावरात पाखरं राखणारा माणूस गोफण फिरवतो ते डोळ्यांपुढे आणा. दगडाला वेग कुठून येतो? पाय रोवलेले असतात, कंबर वळते, खांद्यातून हात फिरतो, आणि शेवटी एक दोरी सुटते. सुटण्याच्या क्षणी तो हात थांबवून मनगटाने झटका देऊ लागला तर दगड धुऱ्यापलीकडे जाणार नाही. विंडमिल पिचिंगचंही, म्हणजे हात गोल फिरवून खालून चेंडू टाकण्याचंही, असंच आहे. मागचा पाय मातीला रेटतो, कंबर वळते, धड तिच्यामागून येतं, दंड खाली येतो. दंड कमरेजवळ येऊन मंदावतो आणि त्याचा सगळा वेग कोपराखालच्या हाताला मिळतो. तो हात चाबकासारखा पुढे निघतो. मनगट या चाबकाचं टोक. ते सैल असलं तर आपोआप झटकलं जातं, आणि मुद्दाम झटकण्यापेक्षा कितीतरी जोरात.

मुद्दाम झटकायचं म्हटलं की पोरीला आधी कोपराखालचे स्नायू आवळावे लागतात. आवळलेला हात चाबूक राहत नाही, काठी होतो. शिवाय झटका द्यायला हात मांडीजवळ क्षणभर अडतो, म्हणजे पायापासून आलेला वेग तिथेच खर्ची पडतो. तुमच्या पोरीचा वेग दोन वर्षांत वाढला नाही त्याचं मुख्य कारण हे असावं. ती मेहनत कमी करते म्हणून नव्हे.

डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूंचं मूळही इथेच आहे. काही जाणवून त्यावर हालचाल करायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. हात डोक्यावरून खाली येऊन चेंडू सुटेपर्यंत तेवढाही वेळ नसतो. "आता झटक" हा हुकूम वेळेवर पोचूच शकत नाही. ती अंदाजाने आधीच ठरवून झटकते. दमली, घाबरली, समोर उंच बॅटर आली, की अंदाज किंचित चुकतो. चेंडू कमरेच्या पुढे जाऊन सुटतो, आणि तिथून हात वरच चाललेला असतो.

हे माझ्या शब्दावर मानू नका, मोजून पाहा. दुखणं गेल्यावर तिला खुर्चीवर बसवा, कोपर आणि कोपराखालचा हात मांडीला टेकवून ठेवायला सांगा आणि नुसत्या मनगटाने चेंडू फेकू द्या. तीन वेळा, बस. जिथे पडला तिथे काडी रोवा. मग उभं करून, मनगटाचं काहीही न सांगता, हात एकदा मागून पुढे झुलवून सोडायला सांगा. दोन काड्यांमधलं अंतर तुम्हा दोघांनाही पटवून देईल.

त्या व्यायामाचा दुसरा तोटा डोळ्यांना लवकर दिसत नाही, पण तो जास्त खोल आहे. तळहात कुठे पाहतो, याचा. हात जखडून झटकताना तळहात सतत कॅचरकडे, म्हणजे समोर चेंडू झेलणाऱ्या खेळाडूकडे, असतो. दोन वर्षं शरीराने तेच पाठ केलं की हात मागे असतानाच पोरगी तळहात चेंडूच्या मागे आणते आणि चेंडू ढकलते. चांगल्या पिचरचा हात ढकलत नाही.

थर्ड बेसच्या बाजूला, म्हणजे कॅचरकडे तोंड केलेल्या पिचरच्या उजवीकडे, उभे राहून उजव्या हाताच्या पिचरकडे पाहा आणि तिच्याभोवती घड्याळ आहे असं समजा. माथ्यावर १२, सेकंड बेसच्या दिशेला मागे ९, मांडीजवळ ६. हात १२ वर असताना तळहात तुमच्याकडे, म्हणजे थर्ड बेसकडे हवा. ९ वर येताना तळहात आभाळाकडे, जणू हातावर पाण्याची वाटी ठेवली आहे, आणि कोपर किंचित वाकलेलं. तिथून खाली येताना कोपर आधी, चेंडू मागाहून, करंगळीची बाजू पुढे. मग कोपराच्या जरा खालची हाताची आतली बाजू कंबरेच्या हाडाजवळ ओझरती घासून जाते, आणि त्याच क्षणी कोपराखालचा हात आतल्या बाजूला वळतो, दाराची कडी फिरवल्यासारखा. चेंडू या वळणात, उजव्या मांडीच्या जरा पुढे सुटतो. सुटल्यावर हात सैल राहून अंगासमोरून थोडा आडवा जातो, अंगठा आत वळलेला असतो. हे वळण हेच खऱ्या पिचचं शेवटचं काम आहे, आणि हात जखडून झटकण्याच्या व्यायामात ते कधीच घडत नाही. त्या सवयीची मुलगी शेवटी कोपर कॅचरकडे उचलून तळहात खांद्याकडे नेते. तुमची पोरगी तसं करते का, ते आधी पाहा.

पाहायला मोबाइल पुरे. स्लो मोशनवर ठेवा आणि थर्ड बेसच्या बाजूने, तिच्या कमरेच्या उंचीवर धरा. दुखणं गेल्यावर पाहण्यापुरते पाच पिच घ्या. मग कॅचरच्या मागून पाच, मध्ये जाळी किंवा बारदान बांधून. पहिल्या चित्रात ९ वरचा तळहात पाहा. जमिनीकडे असेल तर सगळं मूळ सापडलं. दुसऱ्यात हात अंगाला घासून जातो की अंगापासून वीतभर लांबून, ते पाहा. ही चित्रं जपून ठेवा.

दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर, मनगट दाबून दुखत नसेल तरच पुन्हा सुरुवात करा, आणि तीही खऱ्या चेंडूने नको. जुन्या मोज्यात कापूस ठासून गोळा करा आणि शिंप्याच्या टेपने घेर मोजा. १२ इंची सॉफ्टबॉलचा घेर साधारण ३०.५ सेंटिमीटर असतो, तेवढाच करा. क्रिकेटचा चेंडू देऊ नका. त्याचा घेर जेमतेम २२.५ सेंटिमीटर, तो मुलीच्या तळहातात बसतो, आणि चेंडू तळहातात बसला की मनगट वापरल्याशिवाय निघत नाही. सॉफ्टबॉल बोटांच्या पेरांवर धरायचा, तळहात आणि चेंडू यांच्यामध्ये फट दिसली पाहिजे. शिवण बोटांना आडवी यावी, म्हणजे पेरं तिला अडकतात. हात लहान असेल तर दोनऐवजी तीन बोटं वर ठेवू द्या. घट्ट पकडू नये. मूठ आवळली की मनगट आवळलं, आणि मनगट आवळलं की खांद्यापर्यंत हात ताठला.

पहिले दोन आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, एवढंच. दोन झाडांच्या मध्ये दोरी बांधून त्यावर बारदान टाका. त्यापासून १० फुटांवर पोरीला आडवी उभी करा, पोट थर्ड बेसच्या दिशेला, डावा पाय बारदानाकडे, पाय खांद्याइतके फाकलेले, वजन थोडं मागच्या पायावर. हात ९ वर, तळहात आभाळाकडे. तिथून हात पडू द्यायचा. "टाकायचा" हा शब्दच वापरू नका, "पडू दे" म्हणा. कोपराखालचा हात कमरेला घासला पाहिजे. घासल्याचा हलका आवाज कुर्त्यावर ऐकू येतो, तो आला की बरोबर. १२ वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा १२. मनगटाबद्दल तिच्याशी एक शब्द बोलू नका. ती विचारेल, "बाबा, मनगट?" तर सांगा, ते आपलं आपण येईल.

सुरुवातीला मोज्याचे गोळे कुठेही जातील, डावीकडे, जमिनीत, झाडाच्या फांदीवर. दोन वर्षांची सवय मोडते आहे, तेव्हा आठ-दहा दिवस ती आधीपेक्षा वाईट दिसेल. याच दिवसांत बहुतेक घरी धीर सुटतो आणि जुना झटका परत येतो, कारण त्याने निदान चेंडू सरळ जायचा. या काळात निशाण लावूच नका. बारदान एवढं मोठं ठेवा की चुकायचा प्रश्न येऊ नये.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खरा चेंडू. एक काळी चिकटपट्टी चेंडूभोवती गोल चिकटवा आणि ती पहिल्या दोन बोटांच्या मधून जाईल असा चेंडू धरायला लावा. आधी आडवं उभं राहून अर्धं वर्तुळ १५ वेळा, १२ फुटांवरून. मग पाऊल न टाकता पूर्ण वर्तुळ १५ वेळा, २० फुटांवरून. चेंडू उडताना पट्टीची एकच स्थिर रेघ दिसली पाहिजे, थोडी तिरपी असली तरी हरकत नाही. रेघ डगमगत असेल तर अंगठा सुटायला उशीर करतो आहे किंवा चेंडू तळहातात खोल गेला आहे. चेंडूची फिरकी पाहण्याची ही पट्टी मनगटाच्या शंभर झटक्यांपेक्षा जास्त शिकवते, कारण चूक तिची तिलाच दिसते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पाऊल. आधी चालत दोन पावलं टाकून पिच, १० वेळा. यात अंगाचा वेग हातात कसा येतो ते कळतं. मग पिचर प्लेटवरून, म्हणजे पिचर जिच्यावर उभी राहून टाकते त्या पट्टीवरून, पूर्ण पिच, २५ ते ३०. डाव्या पायाचा पंजा कॅचरकडे सरळ नको, साधारण ४५ अंशात आत वळलेला असावा, म्हणजे कमरेला वळायला जागा राहते आणि हाताला घासायला मांडी जागेवर सापडते. पाऊल टेकेल तेव्हा हात १२ ओलांडून ९ कडे निघालेला असावा. पाऊल टेकायच्या आत हात खाली आला तर मागे रेटायला काहीच उरत नाही, आणि मग पोरगी पुन्हा मनगटाकडे वळते. पाऊल आणि हात यांची ही वेळ जुळली नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही वेग येत नाही.

अंतराचं सांगतो. मोठ्या महिलांच्या खेळात पिचर प्लेट ते बॅटरजवळची होम प्लेट ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. अमेरिकेत १२ वर्षांखालच्या मुली ४० फुटांवरून टाकतात, १० खालच्या ३५ फुटांवरून आणि ११ इंची चेंडूने. तुमच्या पोरीने आधी ३५ वर नीट टाकावं, मग ४०, मग ४३. एका सुतळीला तिन्ही अंतरांवर गाठी मारून ठेवा, रोज मोजायची कटकट नाही. शालेय स्पर्धेत तिच्या वयोगटाला कोणतं अंतर आणि कोणता चेंडू आहे ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारून घ्या.

जागेकडे लक्ष द्या. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती बुटाला ढेकळासारखी चिकटते, आणि दोन्ही वेळा पुढचा पाय टेकताना गुडघा नाहीतर घोटा पिरगळतो. १० फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्ट्यावर मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसून घ्या. पिचर प्लेट २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद असते. तेवढी फळी मातीत पक्की पुरली तरी चालते, फक्त ती जमिनीबरोबर असावी आणि खिळ्याचं टोक वर नसावं. मागचा पाय घासत येतो तिथे खड्डा पडतो, तो दर आठवड्याला भरा. उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत आटपा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ कडे जातो, तेव्हा दुपारचा सराव मुळीच नको.

सगळं सुरळीत झाल्यावरही आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस पिचिंग नको, आणि सरावाच्या दिवशी मोज्याचे गोळे, अर्धी वर्तुळं आणि पूर्ण पिच धरून ७० ते ८० फेकी पुरेत. खालून टाकलेला चेंडू खांद्याला त्रास देत नाही, असं पुष्कळ लोक सांगतात. ते खरं नाही. हात खाली येताना खांद्याला जी ओढ बसते ती खेळाडूच्या वजनाच्या आसपास जाते, असं मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या क्रीडा वैद्यांनी १३-१४ वर्षांच्या मुलींसाठी एका सामन्यात ८० पिचची मर्यादा सुचवली आहे. तालुक्याच्या स्पर्धेत एकाच दिवशी तीन सामने आणि शाळेकडे एकच पिचर, ही नेहमीची गत आहे. तिथे तुम्हाला बाप म्हणून बोलावं लागेल. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत ४१३ पिच टाकून सुवर्णपदक मिळवून दिलं, याचा दाखला कोणी देईल. ती तेव्हा २६ वर्षांची, पूर्ण वाढलेली, वर्षानुवर्षं तयारी केलेली खेळाडू होती. आठवीतल्या मुलीला तो दाखला लागू होत नाही.

ताकद हवी असेल तर मनगटाला वजन बांधू नका, हातात डंबेल देऊन मनगट वर-खाली करायला लावू नका. ताकद पायांत, कमरेत आणि खांद्याच्या मागे हवी. बैठका १२ च्या दोन फेऱ्या, दोरीवरच्या उड्या पाच मिनिटं, एका पायावर तोल सांभाळून उभं राहणं दोन्ही पायांवर अर्धा-अर्धा मिनिट. सायकलची जुनी ट्यूब निंबाच्या खोडाला अडकवून दोन्ही हातांनी मागे ओढायची, कोपरं अंगाला चिकटून, पाठीची पाती एकमेकांकडे, १२ च्या दोन फेऱ्या. ओढताना खांदे कानाकडे उचलले गेले तर ट्यूब जास्त ताठ आहे, दोन पावलं पुढे या.

पूर्ण पिच सुरू झाल्यावर चुका ओळखायच्या कशा? चेंडू वर जात असेल तर बहुधा ती मागे रेलते किंवा पुन्हा झटकू लागली आहे, पहिल्यांदा तेच पाहा. जमिनीत जात असेल तर कमरेतून पुढे वाकते, चेंडू लवकर सुटतो. फर्स्ट बेसच्या बाजूला, म्हणजे तिच्या डावीकडे, जात असेल तर कमर फार लवकर बंद होते आणि हात तिच्या मागून फरफटत येतो. थर्ड बेसच्या बाजूला जात असेल तर कंबर हाताच्या वाटेत येते आहे, हात अंगाला वळसा घालून जातो. कधीच "मनगट नीट कर" असं सांगू नका. आणि एका पिचला एकच सूचना. तुम्ही तीन सांगितल्या तर ती तिन्ही विसरेल.

तुम्ही समोर बसून झेलता, हे वाचून आनंद वाटला, पण मास्क आणि ग्लोव्हशिवाय बसू नका. मोज्याच्या गोळ्याला चालेल, खऱ्या चेंडूला नाही. सॉफ्टबॉलचं वजन १८० ग्रॅमच्या आसपास असतं, आणि मधे एक टप्पा पडून तोंडावर आला तर दात जातो. शाळेकडे कॅचरचा मास्क असतोच, सुट्टीच्या दिवसांपुरता मागून आणा. नाही मिळाला तर बारदानावरच टाकू द्या आणि तुम्ही बाजूला उभे राहा. खरं तर बाजूनेच तिचा तळहात चांगला दिसतो.

नवीन सर आले आणि त्यांनी पुन्हा तोच झटका सांगितला तर पोरीला मधे उभी करून वाद घालू नका. तिला दोन माणसं दोन पद्धती शिकवू लागली तर तिचा हात कोणतीच धड शिकणार नाही. सरांना एकटं भेटा, आधीची आणि आताची चित्रं दाखवा, आणि तिच्या मनगटाचं दुखणं सांगा. शिकवणारा बहुतेक वेळा दुखण्याचं नाव ऐकून थांबतो. जवळपास खात्रीने विचारण्यासारखं ठिकाण हवं असेल तर अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ पासूनचं. तिथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय चालतं. जाल तेव्हा तीच मोबाइलवरची चित्रं सोबत न्या.

मनगटाला खरं काम पुढे आहे. तिचं साधं पिच दहापैकी सात वेळा बॅटरचा गुडघा ते काख यांच्या मध्ये, होम प्लेटवरून जाऊ लागलं की मग चेंजअप (हळू येऊन चकवणारा चेंडू) आणि ड्रॉप (शेवटी खाली पडणारा चेंडू) शिकायची वेळ येते. तेव्हा बोटांनी चेंडूला कोणती फिरकी द्यायची, ते ८ फुटांवरून हळूहळू टाकत शिकायचं असतं, आणि तिथे मनगट नि बोटांचा छोटा सराव उपयोगी पडतो. दहा मिनिटं, चिकटपट्टीची रेघ पाहत. पण तिच्या हाताला आज जी सवय आहे ती मोडेपर्यंत ते मधे आणू नका.

सहा आठवड्यांनी पुन्हा त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून मोबाइल धरा आणि जुनं चित्र शेजारी ठेवून ९ वरचा तळहात पाहा. आभाळाकडे असेल तर ४० फुटांच्या गाठीवर जा. अजून जमिनीकडे असेल तर पाऊल टाकणं थांबवून पुन्हा बारदानासमोर १० फुटांवर, मोज्याच्या गोळ्याने सुरुवात करा. आणि मधल्या कोणत्याही दिवशी अंगठ्याची ती कळ परत आली तर सराव तिथेच थांबवा.